गुरूचे चार चंद्र

आकाशात गुरू ओळखणे कठीण नाही. शुक्राच्या खालोखाल तेजस्वी, किंचित पिवळसर आणि ताऱ्यांप्रमाणे न लुकलुकणारी ज्योत मध्यरात्री दिसली, तर ती बहुधा गुरूचीच असते. सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास या ग्रहाला ११.८६ वर्षे लागतात. म्हणजे राशिचक्रातील एका राशीत तो सुमारे एक वर्ष असतो. तो सिंह राशीत आला म्हणजे नाशिकास सिंहस्थ भरतो, आणि ही पर्वणी सुमारे बारा वर्षांनी येते, ती याच कारणाने. हा सारा हिशेब आपल्या पूर्वजांनी दुर्बिणीवाचून केला होता. परंतु गुरूला चार मोठे सोबती आहेत, ही गोष्ट दुर्बीण हाती येईपर्यंत निश्चितपणे कळणे शक्य नव्हते.

या सोबत्यांची हकीकत येथे सांगावयाची ती केवळ कुतूहल म्हणून नव्हे. हातातून सुटून खाली पडणारा दगड आणि आकाशात फिरणारा ग्रह यांना एकच नियम लागू आहे काय, हा सतराव्या शतकातील विज्ञानापुढचा सर्वांत मोठा प्रश्न होता. त्याच्या निर्णयात या चार बारीक ठिपक्यांची साक्ष फार मोलाची ठरली. ती साक्ष वाचकाला स्वतः तपासून पाहता येते. त्यासाठी गुणाकार आणि भागाकार यांपलीकडचे गणित लागत नाही.

१६१० सालच्या जानेवारीतील रात्री

७ जानेवारी १६१० रोजी इटलीतील पाडुआ या नगरात गॅलिलिओने आपली दुर्बीण गुरूवर रोखली. ती त्याने स्वतः तयार केली होती व तिच्यातून वस्तू सुमारे वीसपट मोठी दिसे. गुरूच्या शेजारी त्यास तीन बारीक तारे दिसले, दोन पूर्वेस व एक पश्चिमेस. ते एका सरळ रेषेत होते, एवढेच काय ते त्यांचे वैशिष्ट्य. दुसऱ्या रात्री पाहतो तो तिन्ही तारे पश्चिमेस! गुरू ताऱ्यांमधून सरकत असतो हे सर्वांस ठाऊक होते. पण त्या दिवसांत गुरू वक्री होता, म्हणजे त्याची गती पश्चिमेकडे होती. मागे राहणारे तारे त्याच्या पूर्वेस राहावयास हवे होते. घडले ते नेमके उलट. ९ तारखेस आकाश ढगांनी व्यापले होते. १० तारखेस दोनच तारे दिसले, आणि १३ तारखेस चार. हे तारे नसून गुरूभोवती फिरणारे चंद्र आहेत, याविषयी आता त्यास शंका उरली नाही. मार्चमध्ये व्हेनिस येथे त्याने आपले वेध एका छोट्या पुस्तकातून प्रसिद्ध केले.

या शोधाने एवढी खळबळ का उडाली, हे आज सहज ध्यानात येत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे कोपर्निकसचे मत न मानणाऱ्यांचा एक आक्षेप असा होता की, पृथ्वी धावत असेल तर तिचा चंद्र मागेच राहून जाईल. गुरू चालतो, याविषयी तर दोन्ही पक्षांचे एकमत होते. आणि तो एक सोडून चार चंद्र बरोबर घेऊन चालतो, हे आता दिसू लागले. आक्षेपाचा पायाच ढासळला. मात्र एवढ्याने पृथ्वी फिरते हे सिद्ध झाले, असे समजणे योग्य नव्हे. एक अडचण दूर झाली, इतकेच म्हणता येईल.

या उपग्रहांना आयो, यूरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो ही नावे सिमॉन मारियुस या जर्मन ज्योतिर्विदाने १६१४ साली प्रसिद्ध केली. पाचवा उपग्रह सापडण्यास १८९२ साल उजाडावे लागले. आज गुरूच्या ज्ञात उपग्रहांची संख्या नव्वदांहून अधिक आहे; पण त्यांतील बहुतेक म्हणजे काही किलोमीटर व्यासाचे खडक होत. आपल्या विषयाशी संबंध आहे तो पहिल्या चारांचाच.

तिसरा नियम

योहान्नेस केप्लरने ग्रहांच्या गतीविषयी तीन नियम शोधून काढले. पहिल्या दोहोंचा येथे नुसता उल्लेख पुरे: ग्रहाची कक्षा दीर्घवर्तुळाकार असते, आणि सूर्याजवळ असताना ग्रहाचा वेग वाढतो व दूर असताना मंदावतो. हे नियम १६०९ साली प्रसिद्ध झाले. तिसरा नियम त्यास १६१८ साली सापडला व पुढील वर्षी त्याने तो ग्रंथात दिला. तो असा की, निरनिराळ्या ग्रहांच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतरांचे घन घेतले व त्यांच्या प्रदक्षिणाकालांचे वर्ग घेतले, तर घनास वर्गाने भागून येणारी संख्या सर्व ग्रहांच्या बाबतीत एकच येते.

हा नियम सूर्य व त्याचे ग्रह यांच्यापुरताच आहे, की जेथे लहान वस्तू मोठीभोवती फिरते तेथे सर्वत्र तो खरा आहे? याची परीक्षा गुरूच्या चंद्रांवर घेता येते. केप्लरने स्वतः त्या काळी उपलब्ध असलेल्या वेधांवरून ती घेतली होती. आपण आजच्या अचूक आकड्यांवरून घेऊ. पहिला आकडा गुरूच्या केंद्रापासूनचे अंतर लाख किलोमीटरांत दाखवितो, दुसरा प्रदक्षिणाकाल दिवसांत.

आयो: ४.२१८ आणि १.७६९
यूरोपा: ६.७११ आणि ३.५५१
गॅनिमीड: १०.७०४ आणि ७.१५५
कॅलिस्टो: १८.८२७ आणि १६.६८९

आयोच्या अंतराचा घन ७५.०४ येतो व कालाचा वर्ग ३.१२९. भागाकार २३.९८. कॅलिस्टोच्या अंतराचा घन ६६७३ व कालाचा वर्ग २७८.५; भागाकार २३.९६. अंतर साडेचारपट झाले, काल साडेनऊपट झाला, आणि भागाकार मात्र जागचा हलला नाही. मधल्या दोन उपग्रहांचा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. दुसऱ्या दशांशस्थळी दिसणारा किरकोळ फरक आपण आकडे तोडून घेतल्यामुळे पडतो.

आता आपल्या चंद्राकडे वळू. त्याचे अंतर ३.८४४ लाख किलोमीटर असून तो २७.३२ दिवसांत पृथ्वीभोवती फिरतो. याच रीतीने येणारा भागाकार ०.०७६१ इतका लहान आहे. म्हणजे नियम तोच, पण ज्याच्याभोवती फिरावयाचे ती वस्तू बदलली की ही संख्या बदलते. का बदलावी? केप्लरपाशी या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर नव्हते. ते न्यूटनने दिले.

ग्रहाचे वजन कसे करावे

गोफणीत धोंडा घालून ती गरगरा फिरविली म्हणजे दोरी ताणली जाते. दोरी सुटली तर धोंडा सरळ रेषेत निघून जातो. चालती वस्तू सरळच जाऊ पाहते. तिला वळवावयाचे तर सतत ओढावे लागते. चंद्राला पृथ्वीकडे ओढणारी दोरी कोणती? न्यूटनचे म्हणणे असे की, झाडावरून सुटलेल्या फळाला खाली आणणारी जी ओढ, तीच ही. अंतर वाढेल तशी ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते.

हे नुसते म्हणणे नव्हते. पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट दूर आहे. तेव्हा तेथे ही ओढ ६० च्या वर्गाने, म्हणजे ३६०० पटींनी, कमी असावयास हवी. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. त्याचा ३६०० वा भाग म्हणजे १.३६ मिलिमीटर. आता चंद्र आपल्या कक्षेत सेकंदास सुमारे १.०२ किलोमीटर वेगाने चालतो. सरळ रेषेपासून तो एका सेकंदात पृथ्वीकडे किती झुकतो, हे भूमितीने काढले तर उत्तर येते १.३६ मिलिमीटर. चंद्र पडतच असतो. परंतु तो जितका पडतो तितकाच पुढेही सरकतो, म्हणून पृथ्वीवर येऊन आदळत नाही.

अंतराच्या वर्गाप्रमाणे घटणाऱ्या या ओढीतून केप्लरचा तिसरा नियम आपोआप निघतो, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट निघते: घनास वर्गाने भागून येणारी ती संख्या मध्यवर्ती वस्तूच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. न्यूटनच्या १६८७ सालच्या ग्रंथातील हा निष्कर्ष मला तरी सर्वांत विस्मयकारक वाटतो. ज्या ग्रहावर कोणी पाऊल ठेवलेले नाही त्याचे वजन घड्याळ आणि दुर्बीण यांच्या साहाय्याने करता येऊ लागले.

करून पाहू. गुरूची संख्या २३.९६ आणि पृथ्वीची ०.०७६१. भागाकार ३१५ च्या जवळपास येतो. यात थोडी दुरुस्ती हवी. आपला चंद्र पृथ्वीच्या मानाने अगदीच नगण्य नाही. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८१ व्या भागाइतके आहे, आणि ०.०७६१ ही संख्या खरे तर दोघांच्या बेरजेची आहे. ती दुरुस्ती केल्यावर उत्तर ३१९ होते. आज मान्य असलेला आकडा ३१८ आहे. शाळेच्या वहीत केलेल्या हिशेबाला याहून अधिक काय हवे?

सूर्यही याच काट्यावर घालता येतो. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर १४९६ लाख किलोमीटर, काल ३६५.२५६ दिवस, संख्या येते २५,०९६. तिला गुरूच्या २३.९६ ने भागले की १०४७. गुरूसारखे १०४७ गोळे एकत्र केले म्हणजे एक सूर्य होईल. न्यूटनने आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत, १७२६ साली, हाच आकडा १०६७ असा दिला होता. त्या काळच्या दुर्बिणींचा विचार करता ही चूक फारच थोडी म्हटली पाहिजे.

यावरून एक गोष्ट उघड होईल. ज्याला उपग्रह नाही त्याचे वजन करणे अवघड. बुध व शुक्र यांची वस्तुमाने इतर ग्रहांच्या गतीत त्यांनी केलेल्या सूक्ष्म फेरफारांवरूनच काढावी लागत. १९६२ साली मरिनर-२ हे यान शुक्राजवळून गेले तेव्हा कोठे त्याच्या मार्गातील वळणावरून शुक्राचे वस्तुमान चांगले कळले. प्लूटोची गोष्ट तर मौजेची आहे. १९३० साली तो सापडल्यावर काही काळ तो जवळजवळ पृथ्वीएवढा जड असावा, असा अंदाज केला जात असे. १९७८ साली जेम्स क्रिस्टी यांना त्याचा कॅरन हा उपग्रह आढळला. अंतर सुमारे १९,६०० किलोमीटर, काल ६.३८७ दिवस. वरच्याच रीतीने हिशेब करावा; दोघांचे मिळून वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ४०८ व्या भागाइतके निघते. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह म्हणून ठेवण्यात आले. पण त्याचे वजन त्याच्या आधी अठ्ठावीस वर्षे उतरले होते.

ज्यांना आणखी एक उदाहरण सोडवावयाचे असेल त्यांनी शनीचा टायटन घ्यावा: १२.२२ लाख किलोमीटर, १५.९४५ दिवस. पृथ्वीसाठी दुरुस्त केलेली संख्या, ०.०७५२, वापरली तर शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पटींच्या आसपास आले पाहिजे.

उशिरा येणारे ग्रहण

आयो दर ४२ तास २८ मिनिटांनी गुरूभोवती एक फेरी पूर्ण करतो आणि प्रत्येक फेरीत गुरूच्या छायेत शिरतो. म्हणजे आकाशात एक घड्याळच लटकत आहे, आणि ते पृथ्वीवरील अनेक देशांतून एकाच वेळी दिसते. याचा उपयोग काय, तर रेखांश ठरविणे. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. एकच ग्रहण दोन गावांहून पाहिले आणि दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळांत एका तासाचे अंतर पडले, तर त्या गावांच्या रेखांशांत १५ अंशांचे अंतर आहे. ही कल्पना गॅलिलिओचीच. हलत्या जहाजावर दुर्बीण स्थिर राहत नसल्याने खलाशांना तिचा लाभ झाला नाही. जमिनीवर मात्र ती पद्धत उत्तम चालली. कासिनी या ज्योतिर्विदाने १६६८ साली ग्रहणांची कोष्टके प्रसिद्ध केली, आणि पुढे पॅरिसच्या वेधशाळेत त्यांवर कसून काम सुरू झाले.

तेथेच अडचण उभी राहिली. पृथ्वी गुरूपासून दूर जात असे त्या महिन्यांत ग्रहणे कोष्टकापेक्षा हळूहळू उशिरा होऊ लागत. ती गुरूकडे येऊ लागली की पुन्हा लवकर. ओल रोमर या तरुण डेन ज्योतिर्विदाने याचे कारण सांगितले. आयो आपल्या वेळेस चुकत नाही. त्याच्याकडून निघालेल्या प्रकाशाला आपल्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, आणि अंतर वाढले की तो वेळ वाढतो. १६७६ सालच्या सप्टेंबरात त्याने जाहीर केले की, ९ नोव्हेंबरला आयो छायेतून बाहेर येईल तो अपेक्षेपेक्षा दहा मिनिटे उशिरा. तसेच घडले.

आजच्या आकड्यांनी हे तपासता येते. आयोच्या एका फेरीच्या काळात पृथ्वी, सेकंदास ३० किलोमीटर या वेगाने, सुमारे ४६ लाख किलोमीटर जाते. ती थेट गुरूपासून दूर जात असेल, तर पुढच्या ग्रहणाच्या प्रकाशाला एवढे अंतर अधिक कापावे लागते, म्हणजे सुमारे १५ सेकंद अधिक. एका फेरीत हे कोणाच्या लक्षात येणार नाही. पण हे सेकंद महिनोन्महिने साचत जातात. पृथ्वीच्या कक्षेचा पूर्ण व्यास ओलांडण्यास प्रकाशाला १६ मिनिटे ३८ सेकंद लागतात. रोमरने हा काळ २२ मिनिटे धरला होता. आकडा चुकीचा, विचार बरोबर.

आश्चर्य असे की, खुद्द कासिनीलाही ही कल्पना प्रथम सुचली होती, पण त्याने ती सोडून दिली. त्याचा युक्तिवाद हटवादी नव्हता: हा उशीर प्रकाशामुळे होत असेल तर तो बाकीच्या तीन उपग्रहांतही तसाच दिसला पाहिजे, आणि तो दिसत नाही. त्या उपग्रहांच्या गतीतील इतर अनियमितता तेव्हा नीट उलगडलेल्या नव्हत्या, म्हणून तो दिसत नव्हता. प्रकाशाला वेग असतो ही गोष्ट सर्वमान्य होण्यास आणखी पन्नास वर्षे लागली. १७२८ साली ब्रॅडली याला ताऱ्यांच्या स्थानांत दिसणाऱ्या वार्षिक फेरफारांवरून तोच निष्कर्ष निघाला, आणि वाद मिटला.

आपल्या देशाच्या नकाशाशीही या ग्रहणांचा संबंध आहे. सवाई जयसिंहाच्या निमंत्रणावरून १७३४ साली चंद्रनगरहून जयपूरला निघालेल्या फ्रेंच जेझुइट पाद्र्यांनी वाटेतील गावांची स्थाने ठरविताना गुरूच्या उपग्रहांचे वेध घेतले होते. १७९२ साली मद्रास येथे वेधशाळेची इमारत उभी राहिली. तेथे गोल्डिंगहॅम याने त्या स्थानाचा रेखांश काढण्यासाठी ही ग्रहणे वर्षानुवर्षे पाहिली. पुढे भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाने रेखांशांची मोजणी मद्रास वेधशाळेपासून केली. आपल्या जुन्या नकाशांवरील उभ्या रेषांच्या मुळाशी आयोची ही ये-जा आहे.

आयो का तापला

आयो आपल्या चंद्राहून थोडासाच मोठा आहे. त्याचा व्यास ३६४३ किलोमीटर. एवढी लहान वस्तू कोट्यवधी वर्षांत निवून जाते. आपला चंद्र तसाच निवला आहे. मग आयोही थंड, मृत गोळा असावा, असे मानणे स्वाभाविक होते.

परंतु चार चंद्रांच्या कोष्टकाकडे पुन्हा पाहावे. यूरोपाचा काल आयोच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि गॅनिमीडचा यूरोपाच्या जवळजवळ दुप्पट. झोपाळ्याला दर फेरीस योग्य क्षणी थोडा हात लावला की झोका टिकून राहतो. तसेच येथे घडते. दर साडेतीन दिवसांनी आयो व यूरोपा गुरूच्या एकाच बाजूस जवळ येतात आणि यूरोपा आयोला किंचित ओढतो. ही ओढ वारंवार एकाच रीतीने लागत असल्याने आयोची कक्षा पूर्ण वर्तुळ कधी होऊ शकत नाही. तो गुरूच्या कधी थोडा जवळ, कधी थोडा दूर असतो. गुरूची ओढ तर प्रचंड. आपल्या चंद्रामुळे पृथ्वीच्या समुद्राला भरती येते. गुरूमुळे आयोच्या घट्ट खडकालाच भरती येते, आणि त्याचा पृष्ठभाग सुमारे शंभर मीटरपर्यंत वरखाली होतो. लोखंडी तार पुनःपुन्हा इकडेतिकडे वाकविली म्हणजे वाकल्या जागी ती तापते. आयो युगानुयुगे असा वाकविला जात आहे.

पील, कॅसेन व रेनॉल्ड्स या तिघांनी हा हिशेब करून २ मार्च १९७९ रोजी प्रसिद्ध केला: आयोचे अंतरंग वितळलेले असावे व तेथे ज्वालामुखी आढळावेत. तीनच दिवसांनी व्हॉयेजर-१ हे यान गुरूजवळून गेले. ८ मार्चला त्याने मागे वळून घेतलेल्या एका छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर छत्रीसारखा आकार दिसला. तो ज्वालामुखीतून उडालेला फवारा होता, अडीचशे किलोमीटरांहून अधिक उंच. पृथ्वीबाहेर जागता ज्वालामुखी प्रथमच दिसला, आणि तो कोठे असेल हे आधी कागदावर सांगितले गेले होते. आयोवर असे शेकडो ज्वालामुखी आज ठाऊक आहेत.

यूरोपावर हीच उष्णता सौम्य प्रमाणात पोहोचते. त्याचे पृष्ठ बर्फाचे आहे, आणि गॅलिलिओच्याच नावाचे जे यान १९९५ ते २००३ पर्यंत गुरूभोवती फिरले त्याच्या चुंबकीय मापनांवरून त्या बर्फाखाली खाऱ्या पाण्याचा समुद्र असावा, असे दिसते. त्या पाण्यात पृथ्वीवरील जंतू चुकूनही जाऊ नयेत म्हणून काम संपल्यावर ते यान मुद्दाम गुरूच्या वातावरणात बुडविण्यात आले. यूरोपाच्या तपासणीसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने यूरोपा क्लिपर हे यान सोडले; ते २०३० साली गुरूपाशी पोहोचावे अशी योजना आहे. बुध ग्रहाहूनही मोठा असलेल्या गॅनिमीडकडे यूरोपीय देशांचे ज्यूस हे यान एप्रिल २०२३ मध्ये निघाले आहे.

वेध घेण्याविषयी थोडेसे

हे चारही चंद्र पाहण्यास मोठी दुर्बीण लागत नाही. पक्षी पाहण्याची साधी द्विनेत्री दुर्बीण पुरते. हात मात्र स्थिर हवा. ती भिंतीवर किंवा गच्चीच्या कठड्यावर टेकवून धरावी. सुमारे तेरा महिन्यांतून एकदा गुरू सूर्याच्या समोर येतो व रात्रभर दिसतो. त्या सुमाराचे दीड-दोन महिने सर्वांत चांगले. वहीत मध्यभागी एक लहान वर्तुळ काढून दोन्ही बाजूंस ठिपक्यांच्या जागा रोज मांडाव्यात आणि शेजारी तारीख व वेळ लिहावी. चारांऐवजी तीन किंवा दोनच दिसले तर निराश होऊ नये. उरलेले गुरूच्या पुढे, मागे किंवा छायेत असतात. सर्वांत दूर जाणारा कॅलिस्टो त्याच जागी सुमारे सतरा दिवसांनी परततो, तेव्हा निदान तीन आठवडे टिपणे ठेवावीत. आयोला ओळखणे कठीण, कारण तो गुरूच्या तेजाला लागूनच असतो. पण संध्याकाळी एकदा आणि त्याच रात्री पहाटे पुन्हा पाहिले, तर त्याचा ठिपका सरकलेला दिसेल.